हंड्यासह बेपत्ता

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, होळीनंतरच्या एका शनिवारी, बदलापूर पश्चिमेच्या बेलवली भागातून एक तांब्याचा हंडा आणि त्याच्यासोबत साठी ओलांडलेल्या एक आजी बेपत्ता झाल्या. हंडा आधी आणि आजी मागाहून, हा क्रम माझा नाही. खबर देणाऱ्या गृहस्थांनी तो तसाच सांगितला होता.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. कितीतरी मोठ्या गुन्ह्यांचे तपशील डोक्यातून पुसले गेले. पण त्या हंड्यावरचे पोचे मी आजही डोळे मिटून मोजून दाखवीन. तीन होते, तिन्ही एकाच बाजूला.

तेव्हा मी फौजदार होतो आणि बदलापूरला नेमणुकीवर होतो. सकाळी आठच्या सुमारास हजेरी घेऊन चहाचा पहिला घोट घेतला, तोच एक सहा फुटी, ताठ म्हातारे गृहस्थ ठाण्यात आले. अंबरनाथच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आपण त्यांना आप्पा म्हणू. टेबलावर आमचे हवालदार होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, आम्हीही म्हणायचो.

"हंडा गेला," आप्पा म्हणाले.

"चोरी?" मामांनी रजिस्टर ओढलं.

"आणि बायको."

मामांनी पेन खाली ठेवलं. "आप्पा, आधी कोणाचं लिहू?"

मी आतून उठून आलो. आप्पांचा चेहरा दगडासारखा होता, पण शर्टाची बटणं एकाआड एक चुकीची लागली होती. आयुष्यभर कारखान्याच्या भोंग्यावर उठलेला माणूस बटणं चुकवतो, तेव्हा तो आतून पार हललेला असतो. मी त्यांना खुर्ची दिली.

बेपत्ता व्यक्तीच्या नोंदीत वर्णन लिहावं लागतं. बायकोबद्दल विचारलं तर आप्पा म्हणाले, "उंची माझ्या कोपराएवढी. बाकी काय, बाईमाणसासारखी." हंड्याबद्दल विचारलं, तर माणूस मोकळा झाला. तांब्याचा, कल्हई केलेला, गळ्याशी आप्पांचं पूर्ण नाव कोरलेलं, आणि डाव्या बाजूला तीन पोचे.

"पोचे कशाने आले?" मी विचारलं.

"पडला असेल."

"तीनदा, आणि एकाच बाजूवर?"

आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावली. "जुनी गोष्ट आहे."

मी ते मनात टिपलं आणि तिथेच सोडून दिलं. तपासातली माझी पहिली चूक ती.

आप्पांची आणखी एक ओळख द्यायला हवी. त्यांच्या आळीतला सार्वजनिक नळ पहाटे सुटायचा. आदल्या संध्याकाळपासूनच हंडे, कळश्या, बादल्या रांगेला लागायच्या आणि माणसं घरी जाऊन झोपायची. भांडं उभं म्हणजे माणूस उभा. या रांगेचा कारभार आप्पांकडे होता, आणि त्यांचा एक कडक नियम होता: रांगेला लागलेलं भांडं पाणी भरेपर्यंत कोणी हलवायचं नाही, खुद्द मालकाने नाही आणि आप्पांनीही नाही. या नियमापायी त्यांनी एकदा स्वतःच्या मेव्हण्याला चारचौघांत परत पाठवलं होतं.

त्या दिवशी मात्र आप्पांचाच हंडा रांगेला लागला नव्हता.

मी मामांना आणि दोन शिपायांना घेऊन आळीत गेलो. जीप थांबताच खबरी आपोआप येऊ लागले. पहिल्या बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "साहेब, माझं नाव सांगू नका. काल संध्याकाळी सासूसुनेचं जोरात वाजलं. मागच्या दारी. सून म्हणत होती, 'मी नाही जाऊ देणार.' मी कान देऊन ऐकत नव्हते हां, आलं कानावर."

दुसऱ्या गृहस्थांनी जीपच्या मागे बोलावलं. "माझं नाव नको. पहाटे चारला आजी हंडा घेऊन विहिरीकडच्या वाटेने जाताना दिसल्या. एकट्या."

तिसऱ्याने काही न विचारताच सांगितलं, "मला काही माहीत नाही. पण माझं नाव सांगू नका."

सासूसुनेचं भांडण, पहाटेची वेळ, विहिरीची वाट, हातात हंडा. पोलिसाच्या डोक्यात अशा वेळी कोणतं चित्र उभं राहतं ते सांगायला नको. त्या काळात असे प्रकार आम्ही पाहिलेले होते. आप्पांचा मोठा मुलगा रात्रपाळीहून अजून घरी पोचला नव्हता. सून उंबऱ्यात उभी होती. तिच्याभोवती चार हातांची जागा रिकामी पडली होती. गर्दी कोणाला दोषी ठरवते, ते अशा रिकाम्या जागेवरून कळतं.

पंच बोलावले, गळ आणि दोर मागवला. विहिरीच्या काठावर अख्खी आळी जमली. आप्पा हात पाठीमागे बांधून उभे होते, आणि ती बोटं एकमेकांत अशी पिळत होती की मला तिकडे बघवेना. गळ खाली गेला, फिरला आणि अडकला.

"जड आहे," मामा हळूच म्हणाले.

दोघांनी ओढायला सुरुवात केली. विहिरीवर इतकी शांतता, की दोराचं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात पंचनाम्याचं पहिलं वाक्य जुळवत होतो. आज सांगायला लाज वाटते, पण जुळवत होतो. पाण्यातून आधी काहीतरी काळपट वर आलं, मग एक कडी, मग चिखलाने भरलेली एक लोखंडी बादली.

"अगो बाई, माझी बादली!" गर्दीतून एक बाई ओरडल्या. "दिवाळीपासून शोधत्ये! आणि मी शेजारणीवर आळ घेतला!"

शेजारीण तिथेच उभी होती. त्यानंतर दोघींत जे झालं ते या प्रकरणाचा भाग नाही.

गावातला एक पट्टीचा पोहणारा दोनदा तळाशी जाऊन आला. विहिरीत काही नव्हतं. आप्पांनी बांधलेले हात सोडले आणि पहिल्यांदाच काठावर बसले. पण आजी सापडल्या नव्हत्याच.

मी घरात गेलो. सून मागोमाग आली. स्वयंपाकघरात उभं राहून मी नुसता बघत राहिलो. ही सवय मला मामांनी लावली होती. ते म्हणत, "साहेब, माणूस खोटं बोलतो, फडताळ बोलत नाही." फडताळावर डब्यांची रांग होती आणि मध्ये एका डब्याची गोल जागा रिकामी होती. चुलीजवळ तवा होता, त्यावर भाकरीच्या पिठाचा पांढरा थर. आणि लोणच्याच्या बरणीचं फडकं सुटलेलं होतं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जीव द्यायला निघालेली बाई लोणचं बरोबर नेत नाही.

आता सुनेची चौकशी. खुर्ची नाही, टेबल नाही, आवाज चढवणं नाही. मी मोरीकडे बघत, अगदी सहज विचारलं, "भाकऱ्या किती दिल्यास?"

"चार," ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"चार म्हणजे दोन वेळच्या. म्हणजे आजी रात्रीपर्यंत बाहेर राहणार आहेत."

"साहेब, त्यांनी शपथ घातलीय."

"बाहेर लोकांनी ठरवलंय, तूच त्यांना विहिरीत ढकललंस. गळ टाकला तेव्हा तरी बोलायचंस ना!"

तिचे डोळे भरले. "मला माहीत होतं त्या तिथे नाहीत. तरी गळ अडकला तेव्हा मीही देवाचा धावा केला. पण आप्पांसमोर बोलले असते, तर त्यांनी आईंना अर्ध्या वाटेतून फिरवून आणलं असतं. म्हटलं, ओढू देत दोर. तेवढा वेळ मिळेल."

वाचकहो, माझ्या नोकरीत अट्टल गुन्हेगारांनी मला कैक वेळा गुंगारा दिला. पण एका विहिरीच्या आणि दोन पंचांच्या जोरावर पोलीस खात्याला तासभर गुंतवून ठेवणारी ही एकच.

मग सगळं बाहेर आलं. आजींना दोन मुलगे. धाकट्याला लहानपणापासून वाजवायचं वेड. रोज संध्याकाळी रिकामा हंडा मांडीत घेऊन बडवायचा. पोचे त्याचेच. पुढे तो ढोलकी आणि ऑर्केस्ट्रातले उभे ढोल, म्हणजे कोंगो, शिकला. कारखान्यात आप्पांनी शब्द टाकून ठेवलेली नोकरी त्याने घेतली नाही. पाच वर्षांपूर्वी आप्पांनी त्याचे कोंगो रस्त्यावर ठेवले, आणि तो कोंगोंबरोबर निघून गेला. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव घ्यायची बंदी होती.

आणि गेल्या आठवड्यात जांभूळ गावाची भाजी उल्हासनगरला नेणाऱ्या टेम्पोवर एक पोस्टर लागलं. उल्हासनगरच्या स्टेडियममध्ये मोठा ऑर्केस्ट्रा. कोपऱ्यात वादकांचे बोटाच्या पेराएवढे फोटो. आजींना वाचता येत नव्हतं. पोस्टर सुनेने वाचून दाखवलं. फोटो मात्र आजींनी स्वतः ओळखला.

"मग काल भांडण कसलं?"

"मी म्हणाले, दुपारी जा, एकट्या पहाटे नको. तर म्हणाल्या, 'खुर्च्या मोठ्या लोकान्ला. आपल्याला उभ्याची जागा. पहिला येल तो म्होरं. माझी उंची केवढी? मागं राहिले तर मना लोकांच्या पाठीच दिसतील. पाच वर्सांनी पाठी बघू का?'" सुनेने डोळे पुसले. "हंडा का नेताय विचारलं, तर म्हणाल्या, हंड्याशिवाय नंबर लागतो का कुठं?"

हंडा विहिरीकडे गेला हे खरं होतं. आजींना घेऊन गेलेला टेम्पो उभा राहायची जागाही त्याच वाटेवर होती.

मी वायरलेसवरून उल्हासनगरच्या ठाण्याला कळवलं. बंदोबस्ताच्या गडबडीत त्यांना हंड्याची गोष्ट दोनदा सांगावी लागली. मग आम्ही निघालो. आप्पांना सगळं सांगावंच लागलं. ते काळी छत्री घेऊन जीपमध्ये बसले. अंबरनाथ गेलं, विठ्ठलवाडी आली, तरी नजर समोरच्या काचेवरून हलली नाही.

स्टेडियमच्या गेटाशी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गेट उघडणार होतं चारला. समोरचं दृश्य बघून मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. भली मोठी रांग होती आणि तिच्यात एकही माणूस नव्हता. विटा होत्या, त्यावर खडूने लिहिलेली नावं. चपला होत्या, सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट, एक क्रिकेटची बॅट, एक हेल्मेट, कोणाची तरी शाळेची पाटी. आणि सगळ्यांच्या पुढे, गेटाला अगदी खेटून, उन्हात लखलखणारा तांब्याचा हंडा. माणसं सगळी भिंतीच्या सावलीत पत्ते कुटत बसली होती.

शेजारी एका सिंधी सोडावाल्याची गाडी होती. मी विचारण्याआधीच तो सुरू झाला. "साईं, काय सांगू! सकाळी ये माई आली. अकेली. हंडा ठेवला आणि बसली. मग पोरं आली, हसायला लागली. एकाने हंडा जरा सरकवला. अरे बाबा! माईने त्याला असा धुतला, असा धुतला, की त्याने माफी मागून परत जागेवर ठेवला. मग माईने सगळ्यांना कायदा समजावला. सामान लावा, सावलीत बसा, कोणी हलवायचं नाही. दर साल इथे धक्काबुक्की होते, माझ्या बाटल्या फुटतात. आज बघा. एकदम शांती!"

बेलवलीच्या नळाचा कायदा उल्हासनगरात लागू झाला होता. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला.

पण आजी कुठेच दिसेनात. मामांनी दोन हाका मारल्या. सोडावाला एकदम वर बघू लागला. माझ्या लक्षात आलं. जीपमध्ये आप्पा दिसले आणि आजींनी दडी मारली.

"मामा," मी म्हणालो, "हंडा उचला."

मामांनी हंडा दोन वितीही उचलला नसेल, तोच सावलीतून पन्नास आवाज उठले. "ओ मामा! काय करताय? नंबर आहे तो!" "पोलीस आहे म्हणून काय झालं, लाइन म्हणजे लाइन!" "आजीचा नंबर गेला तर आमचा पण जाईल ना बॉस!"

आणि सोड्याच्या गाडीमागून, पदर खोचत, आप्पांच्या कोपराएवढ्या आजी बाणासारख्या आल्या. "ठेव खाली! ठेव! पाच वाजल्यापासून लावलाय तो!"

मामांनी हंडा जागेवर ठेवला आणि, देवाशपथ, सलाम ठोकला.

हुकमाने हाक मारली तर माणूस येईलच असं नाही. पण रांगेतल्या त्याच्या नंबरला हात लावला, तर तो पाताळातूनही वर येतो. हे ज्ञान मी पुढे अनेकदा वापरलं.

नियमाप्रमाणे जबाब घ्यावा लागला. मी गाडीच्या फळीवर कागद ठेवला. "आजी, तुम्ही घरातून स्वखुशीने बाहेर पडलात ना?"

"खुशी संध्याकाळी. आत्ता पाय दुखतान."

"कोणी फूस लावली, दबाव आणला?"

"पोराच्या फोटूनं."

ते मी लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की स्वतःच्या मर्जीने आले, कोणाविरुद्ध तक्रार नाही. आजींनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "सुनेला सांगा, लोणचं बराबर होतं."

इतका वेळ आप्पा चार पावलांवर उभे होते. आता पुढे आले. सावलीतली पोरंही पत्ते टाकून उभी राहिली.

"घरी चल," आप्पा म्हणाले.

"चारला गेट उघडतंय. मंग बघू."

"हंडा दे."

आजींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आवाज अजिबात न चढवता त्या म्हणाल्या, "हंडा रांगेला लागलाय. रांगेला लागलेलं भांडं कोनी हलवत नाय. मालकानं पन नाय. कोनाचा नियम हाय?"

आप्पांचा हात हंड्याच्या गळ्यापर्यंत गेला होता. तिथे त्यांचंच नाव कोरलेलं होतं. हात थांबला. मी पुढे व्हायच्या तयारीत होतो, कारण सुनेने झेललेले आळ, आजींची पहाट, पाच वर्षं, सगळं त्या एका हातावर येऊन ठेपलं होतं. हंडा उचलला असता, तर कायद्याने मी काहीही करू शकलो नसतो. मालमत्ता त्यांची होती.

आप्पांनी हात मागे घेतला. वळले आणि रांगेच्या कडेने चालत सुटले. विटांजवळून, चपलांजवळून, बॅटीजवळून, पार शेवटपर्यंत. मला वाटलं, निघाले घरी. पण शेवटच्या विटेमागे ते थांबले, काळी छत्री मिटली आणि जमिनीवर नीट सरळ ठेवली. नंबर लावला. मग छत्री रांगेत असल्यामुळे स्वतः उन्हात उभे राहिले.

"आप्पा, सावलीत या," मी जाऊन म्हणालो.

"मी कार्यक्रमाला आलेलो नाही," ते म्हणाले. "रांग नीट चालतेय का बघतोय."

बेपत्ता प्रकरण तिथेच निकाली निघालं होतं. मला परत जाऊन स्टेशन डायरीत नोंद करायची होती आणि सुनेला सांगायचं होतं. दोन्ही केलं. मी सुनेला निरोप सांगितला तेव्हा शेजारच्या बायका तिच्याभोवतीची रिकामी जागा भरून उभ्या होत्या. माझं नाव सांगू नका म्हणणाऱ्या बाई तिला चहा पाजत होत्या. ती लोणच्याचा निरोप ऐकून आधी हसली, मग भिंतीला टेकून मोकळेपणी रडली. त्या रडण्याने माझ्याही मानेवरचं ओझं उतरलं.

आणि मग, खरं सांगतो, मी साध्या वेशात पुन्हा उल्हासनगरला गेलो. सरकारी कारण काही नव्हतं. मामांनीही विचारलं नाही, कारण ते माझ्याआधीच पोचले होते.

दिवे लागले होते. आजी बांबूच्या कठड्याला छाती टेकवून, अगदी डाव्या कोपऱ्यात, हंडा बगलेत धरून उभ्या होत्या. मागच्या पोरांनी हातांची कडी करून त्यांना धक्का लागू दिला नव्हता. आप्पा पार मागे होते. पण सहा फुटी माणूस मागे उभा राहिला तरी लपत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

तिसऱ्या की चौथ्या गाण्याला कोंगोवाल्याची नजर कठड्याकडे गेली. त्याचे हात चुकले. गायकाने वळून पाहिलं. पोरगं उठलं, गाणं अर्धवट टाकून मंचाच्या कडेला आलं, गुडघ्यावर बसलं, आणि आजींनी हंडा वर केला.

माझी नोकरी लोकांचं काय हरवलं ते लिहून घेण्यात गेली. त्या दिवशी कळलं, की माणूस आधी त्याचंच नाव घेतो, जे त्याला सांगता येतं. खरं हरवलेलं तो मागाहून सांगतो, किंवा सांगतच नाही. आप्पांनी सकाळी हंडा सांगितला, मग बायको सांगितली. तिसरं नाव त्यांनी सांगितलंच नव्हतं, आणि मी पोच्यांचा प्रश्न अर्ध्यावर सोडला होता. त्यानंतर मी कोणाचंही वर्णन लिहून झालं की पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "आणखी काय?"

मुलाने हंडा मांडीत घेतला. बोटांनी ते तीन पोचे चाचपले आणि वाजवायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात. वाद्यं थांबली, स्टेडियम गप्प झालं, नुसतं तांबं बोलत होतं. तो लय वाढवत गेला, इतका की हंडा मांडीत उडू लागला. आणि त्या हजारो माणसांच्या शांततेत, मागच्या टोकाकडून, कारखान्याच्या भोंग्यासारखा एक आवाज फुटला:

"अरे गाढवा, हळू! माझं नाव आहे त्याच्यावर!"